थोरल्या लेकीचा शब्द

अर्धे केस विंचरून झाले होते आणि अर्धे राहिले होते, तेवढ्यात फोन वाजला. लुसियानं डाव्या हातात पेड तसाच धरून उजव्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडे योसेफ होता, तिचा धाकटा भाऊ. तो चर्चच्या पायऱ्यांवरून बोलत असणार, कारण तिच्या माहेरच्या लेवोवारा गावात फोनला रेंज तेवढ्या एका जागीच लागते. आधी नुसता वारा ऐकू आला. मग योसेफ म्हणाला, "बापा परवा पहाटे निघाले ते परतले नाहीत. होडीचाही पत्ता नाही. लोक शोधायला गेलेत. इना म्हणाली, ताईला सांग, केस विंचरू नकोस." इना म्हणजे त्यांची आई. लुसिया काही विचारणार तोवर रेंज गेली. बाहेर देवासची नेहमीची सकाळ चालू होती. नळाला पाणी यायचा दिवस होता, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम घरघरत होत्या आणि कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं कोपऱ्यावर येऊन अडकलं होतं. लुसियानं हातातला पेड सोडला. फणी बेसिनच्या काठावर ठेवली. आरशात एका बाजूचे केस नीट बसलेले आणि दुसऱ्या बाजूचे झोपेतून उठल्यासारखे, असं ते ध्यान बघून एरवी ती स्वतःशीच हसली असती. आज तिला आरशात बघणंही चुकीचं वाटलं, आणि ते गावच्या नियमांत आहे की नाही, हे काही केल्या आठवेना.

स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई, सावित्रीबाई, मुरंब्यासाठी कैऱ्या किसत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि किसणी थांबवली. "हे काय ईशानी? केस अर्धेच?" ईशानी हे लुसियाचं या घरातलं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं ते लिहिलं गेलं, आणि ते लिहिताना संग्राम एक काना विसरला म्हणून मामेसासरे अजून त्याची थट्टा करतात. संग्राम पीथमपुरात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीनं त्याला मध्ये काही वर्षं जावा बेटावर पाठवलं होतं, तिथल्या एका शहरात, पूर्वेकडच्या लहानशा बेटावरून आलेली लुसिया नर्स होती, आणि संग्रामला टायफॉइड झाला. एवढीच त्यांची प्रेमकहाणी. पुढचं सगळं सावित्रीबाईंनी निभावलं. दरबाराशी नातं सांगणाऱ्या घरात समुद्रापारची सून आली म्हणून चार लोक कुजबुजले, तेव्हा त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही, फक्त सुनेला रोज दुपारी समोर बसवून मराठी शिकवली. तीही आपल्या आजेसासूंची मराठी. त्यामुळे हिंदी शाळेत शिकलेला संग्राम "मी बोललो ना" म्हणायचा आणि लुसिया म्हणायची, "आपण जेवून घ्यावं." घरात येणाऱ्या पोरीबाळी तोंडात बोटं घालायच्या. आज त्याच मराठीत तिनं सांगितलं, "आईसाहेब, माझे वडील समुद्रावरून परतले नाहीत." सावित्रीबाईंनी हात पुसले. त्यांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही द्वारकेला, गर्दीत, पायाच्या टाचा उंचावून. त्या म्हणाल्या, "परततील. तू बस." आणि मग जरा वेळानं, "केस का सोडलेस? तुमच्याकडे तशी रीत आहे का?" लुसियानं मान हलवली. सावित्रीबाईंनी पुढे विचारलं नाही. रीत म्हटलं की त्यांना कारण लागत नसे.

रीत अशी की माणूस वेळेवर परतला नाही तर त्याच्या घरच्या बायकांनी केस विंचरायचे नाहीत, नाही तर जाळं गुंततं. सुईत दोरा ओवायचा नाही. घरात आवाज चढवायचा नाही. आणि चूल विझू द्यायची नाही, रात्रंदिवस. होडी कुठेही भरकटलेली असो, तिला घराची धग कळते म्हणे. या गोष्टी लुसियानं नर्सिंगच्या वसतिगृहात मैत्रिणींना हसत हसत सांगितल्या होत्या. पण आता तिला आठवलं ते वेगळंच. बापा निघाले ती परवाची पहाट, म्हणजे इथली परवाची मध्यरात्र, आणि त्या रात्री ती आणि संग्राम भांडत होते. भांडण लेवोवाराला जाण्यावरूनच होतं. ती म्हणत होती, या दिवाळीला जाऊ या, बापा थकलेत. तो म्हणत होता, "अरे यार लुसी, दोन विमानं, एक जहाज, मग वो डोंगी, आणि तिथं पोचून करायचं काय? सगळं बघून झालंय." तिचा आवाज चढला होता. इतका, की पलीकडच्या खोलीत सावित्रीबाई खाकरल्या होत्या. त्याच वेळी, हजारो मैल दूर, बापा काळ्या वाळूवरून होडी लोटत होते. शिकलेल्या माणसाला अशा हिशोबाचं हसू येतं, हे तिला ठाऊक होतं. ती शिकलेली होती. तिनं मुकाट्यानं शिवणाच्या डब्याला झाकण लावलं आणि गॅसची सगळ्यात बारीक ज्योत चालू ठेवून तिच्यासमोर उभी राहिली. मग सिलिंडरचा विचार आला, आणि सासूबाईंचा. तिनं गॅस बंद केला आणि देवघराच्या दारात जाऊन विचारलं, "इथला दिवा रात्रीही ठेवला तर चालेल का?" सावित्रीबाई म्हणाल्या, "मी तेल घालायला उठेन. तुला झोप लागली तर घाबरू नकोस."

दुपारी संग्रामचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता. "सुन, मी लाइनवर आहे, शिफ्ट छूटली की निघतो. तू टेंशन नको घेऊ. तेरे बापा तर समंदर के मास्टर आहेत. इंजिन बंद पडलं असेल, दुसऱ्या बेटावर गेले असतील. मिल जाएंगे." तो मनापासून बोलत होता. तिलाही तेच हवं होतं. पण बापांच्या होडीला इंजिन नव्हतं, आणि हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. लग्नानंतर तो एकदाच लेवोवाराला आला होता. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडांवर बसलेलं ते गाव, किनाऱ्याला ओळीनं होड्यांची छपरं, आणि त्यांतल्या बहुतेकांत होड्यांऐवजी बकऱ्या बांधलेल्या. खिळा न मारता लाकडाच्या खुंट्यांनी जोडलेली बापांची होडी त्यानं सगळीकडून हात लावून पाहिली, इंजिनिअरच्या कौतुकानं. मग बापांना विचारलं, हिला मोटर का नाही बसवत? बापा लुसियाकडे बघून म्हणाले, याला सांग, मोटर बसवली की मोटरसाठी मासे मारावे लागतात. लुसियानं ते संग्रामला सांगताना थोडं सौम्य केलं होतं. लग्न झाल्यापासून ती इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे असं थोडं थोडं सौम्य करूनच सांगत आली होती, आणि त्यामुळे दोन्हीकडे सगळं ठीक आहे, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं.

दिवस जात राहिले. सकाळी योसेफचा एक फोन यायचा, त्यात नवं काही नसायचं. शेजारच्या बेटावरून विचारपूस झाली. सरकारी बोट एक फेरी मारून गेली. लुसिया घरातली कामं करत होती, पण कुठलंच काम हाताला नीट जमत नव्हतं. मे महिन्याची माळव्यातली दुपार, खिडकीबाहेर पांढरं ऊन, आणि तिला सारखी ओल जाणवायची, तळपायाला, मानेला. विस्कटलेल्या केसांना ओढणीत बांधून ती संध्याकाळी टेकरीवर जायला लागली. टेकरीवर दोन देवी, मोठी आणि धाकटी, आणि दोघींच्या मध्ये नवसाच्या नारळांचा ढीग. ती देवळात कधी थांबायची, कधी नाही. तिला वर जायचं असायचं ते पलीकडच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या बघायला. बापांना या पवनचक्क्यांची माहिती होती. दर रविवारी फोनवर ते पहिला प्रश्न हाच विचारायचे, "तुमच्याकडे वारा कुठला?" त्यांना वाटायचं, वारा माहीत नसलेलं माणूस जगणार कसं. सुरुवातीला लुसिया काहीही ठोकून द्यायची. मग तिला त्याची लाज वाटली आणि ती रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन चक्क्यांची तोंडं कुठे वळलीत ते बघून मग फोन करायला लागली. पश्चिमेचा, बापा. जोरात? नाही, मंद. बरं, मग आज जा, असं ते म्हणायचे. कुठे जा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिकडे पश्चिमेचा मंद वारा असला की होड्या काढायच्या, एवढाच त्याचा अर्थ. लुसिया हो म्हणून फोन ठेवायची आणि भाजी आणायला जायची.

वर उभं राहिलं की खाली अख्खं देवास दिसायचं, घरं, शेड, चिमण्या, हायवेवरचे ट्रक, आणि कुठेही पाण्याचा तुकडा नाही. पहिल्या वर्षी ती याच जागी उभी राहून रडली होती. तेव्हा सावित्रीबाईंनी कुणाला न सांगता गाडी काढायला लावली आणि तिला आपल्या माहेरी धारला नेलं. मुंज तलावाच्या काठावर उभं करून म्हणाल्या, "हा घे. लहानपणी आम्ही याला समुद्रच समजायचो." तलावावर शेवाळ आलं होतं. दोन माणसं ट्यूबवर बसून जाळं टाकत होती, आणि काठावर ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर बसून त्यांच्याकडे लक्ष ठेवत होता. जाळ्यात आलेला प्रत्येक मासा तो मान लांब करून बघत होता. लुसियाला हसू आलं आणि मग बरं वाटलं. तिच्या गावात होडी आली की किनाऱ्यावर भांडं घेऊन जो उभा असेल त्याला आधी मिळायचं. विधवेचा वाटा वेगळा काढलेला असायचा, तो देताना कुणी वर बघायचं नाही, तिला संकोच वाटू नये म्हणून. उरलेलं बायका मिठात वाळवायच्या आणि डोक्यावर पाट्या घेऊन डोंगरातल्या बाजारात जायच्या, मका आणि केळी घेऊन परत यायच्या. आता डोंगरातले लोक पाकिटातल्या शेवया खातात. आता क्षितिजावर रात्रभर मासे धरणारी दिव्यांची जहाजं उभी असतात. समुद्रात बाजार भरलाय, असं बापा म्हणायचे, आणि आम्हीच गिऱ्हाईक नाही. शाळा सहावीपर्यंत, ती संपली की पोरं बोटीत बसतात. कुणी तेलाच्या माडांच्या मळ्यात, कुणी मलेशियात, आणि आता सगळे निकेलच्या कारखान्यात. योसेफनं मधल्या काळात घराला निळा रंग देऊन बाहेर पाहुण्यांसाठी खोली असल्याची पाटी लावली होती. वर्षभरात दोन जर्मन आले. एकाला जुलाब झाले आणि इनानं त्याची आईसारखी सेवा केली, पैसे घ्यायचे राहूनच गेले. हे सांगताना योसेफ हसला होता. त्याला बायको आणि दोन मुलं होती.

मग एका सकाळी योसेफनं नेहमीचं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "ताई, होडीचं वल्हं सापडलं. उत्तरेच्या खाडीत. शोध थांबवलाय. आता तू बोल." लुसियाला कळलं आणि तिनं कळलं नसल्यासारखं केलं. "काय बोलू?" योसेफ चिडला नाही. घरात आवाज चढवायचा नाही, हे तोही पाळत होता. "तुला माहितेय. निकेलच्या कंपनीच्या यादीत माझं नाव आलंय. बोट आठवड्यात निघते. तू बोलल्याशिवाय मी बेट सोडू शकत नाही. कुणी घरातून जाऊ शकत नाही. चूल चालू आहे."

त्यांच्याकडे समुद्रात राहिलेल्या माणसाला मेला असं कुणी म्हणत नाही. पाद्री म्हणत नाही, गावचा प्रमुख म्हणत नाही, बायको तर नाहीच. ते म्हणायचा हक्क फक्त थोरल्या लेकीचा. तिनं पाण्याकडे तोंड करून वडिलांना हाक मारायची आणि म्हणायचं, आता घरी येऊ नका, तिथंच राहा. ते म्हटल्यावर चुलीवर पाणी ओततात, बायको केस धुते, आणि शरीराच्या जागी एक मोठा पांढरा शिंपला पुरतात. तोवर माणूस वाटेवर आहे आणि घर त्याची वाट बघतंय. लुसियाच्या एका आत्याला मुलगीच नव्हती. तिचा नवरा लुसियाच्या जन्माआधी समुद्रात राहिला होता, आणि तरी आत्याची चूल चालूच होती. विस्कटलेले पांढरे केस घेऊन ती रोज संध्याकाळी लाकडं सारायची. पोरं तिला वेडी म्हणायची. लुसियाला मात्र लहानपणी ती फार आवडायची. एवढं प्रेम करता आलं पाहिजे, असं तिला वाटायचं. संग्रामनं जावा सोडताना विमानतळावर जेव्हा विचारलं, येशील का, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ही आत्या होती. लुसियानं हे त्याला कधी सांगितलं नाही, कारण त्यात संग्रामला फारसं श्रेय जात नव्हतं.

तिनं तो शब्द उच्चारला नाही. उद्या, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणाली. रात्री संग्राम पलंगाच्या कडेवर बसून मोजे काढत म्हणाला, "देख लुसी, मी सेंटिमेंट समजतो. पण प्रॅक्टिकली बघ. योसेफला जॉब भेटतोय. पीएफ, मेडिकल, सगळं. पीथमपुरातपण पहले क्या था? शेतं होती. लोक रडले, मग त्यांचीच पोरं शिफ्टच्या बसमध्ये बसायला लागली. तिथंपण तेच होणार. तू एक लाइन बोललीस तर त्याचं लाइफ सेट होईल." तो चुकीचं बोलत नव्हता. हेच तिला सहन होत नव्हतं. ती उठून गच्चीवर गेली. टेकरीवर दिवे होते. आपण का बोलत नाही, हे तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं ते तिला आवडलं नाही. बापा वाटेवर आहेत, असं तिला खरं वाटत नव्हतं. नर्स म्हणून तिनं इतके मृत्यू पाहिले होते की वल्ह्याचा अर्थ तिला लगेच कळला होता. तिला हवं होतं ते गाव. गाव तसंच राहावं, चूल पेटती, इना दारात, योसेफ जाळं विणताना, आणि कुणीही कुठेही जाऊ नये. स्वतः ती निघून आली होती. निघून आलेल्या माणसाला मागचं सगळं जागच्या जागी लागतं, आणि ते जागच्या जागी ठेवायची पाळी दुसऱ्याची असते. योसेफनं लेवोवारात राहून तिच्यासाठी गाव सांभाळावं, पाकिटातल्या शेवया खात, निळ्या भिंतीआड पाहुण्यांची वाट बघत, एवढीच तिची इच्छा होती. तिला स्वतःची शिसारी आली. ती तिथंच खाली बसली आणि ओढणी तोंडात धरून रडली, कारण मोठ्यानं रडायलाही परवानगी नव्हती.

सकाळी तिनं सावित्रीबाईंना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, काही सौम्य न करता. सावित्रीबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यातही आहे ते. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा करतात आणि त्याला अग्नी देतात. माझ्या चुलत सासऱ्यांचा केला होता. युद्धातून आले नाहीत. पण तो मुलगा करतो. लेकीला कुणी विचारत नाही. तुमच्यात लेकीवर सोपवलंय, ते का असेल ग?" लुसियाला माहीत नव्हतं. लहानपणी तिनं विचारलं होतं तेव्हा इना म्हणाली होती, लेक घराबाहेर जाते म्हणून तिला खरं दिसतं. तिनं ते सांगितलं. सावित्रीबाईंनी मान डोलावली. "मग सांग खरं. भावाला अडकवून ठेवू नकोस, बाई. तुझे वडील काही त्यानं परत यायचे नाहीत." त्यांनी तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला, विंचरल्यासारखा होऊ नये इतक्या हलक्या हातानं. एवढ्या दिवसांत कुणी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता.

संध्याकाळी फोन लावला तो समोरासमोर दिसेल असा. संग्राम अजून आला नव्हता. पलीकडे रात्र झाली होती आणि चर्चच्या पायऱ्यांवर दिव्याच्या उजेडात गावातली उरलेली माणसं बसली होती. ती इतकी थोडी असतील, असं लुसियाला वाटलं नव्हतं. बहुतेक म्हातारी होती. इना मधल्या पायरीवर होती, तिच्या केसांचा गुंता झाला होता, आणि तिच्या पायांशी मातीच्या पसरट भांड्यात घरच्या चुलीतले निखारे होते. घरातून इथवर ते विझू न देता तिनं स्वतः आणले होते. लुसियाकडे तिनं एकदा पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि निखाऱ्यांकडे बघत राहिली. योसेफ म्हणाला, "ताई, आता मी फोन तिकडे करतो." चित्र हललं, माणसं गेली आणि फोनमध्ये सगळा काळोख भरला. त्या काळोखातून लाटांचा आवाज येत होता, फोनमुळे चिरका झालेला, पण तोच. लुसियाला वाटलं होतं की वेळ आली की आवाज फुटणार नाही. तसं झालं नाही. तिचा आवाज वॉर्डात रोग्याला हाक मारताना निघायचा तसा स्वच्छ निघाला. "बापा," ती आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "बापा, मी लुसिया. आता घरी येऊ नका. तिथंच राहा." कुणीतरी हुंदका दिला, तो योसेफ असावा, कारण काळोख थरथरला. मग चित्र पुन्हा फिरलं आणि तिला दिसलं की इनानं शेजारची कळशी उचलली, कुणाची मदत न घेता, आणि निखाऱ्यांवर ओतली. वाफ वर गेली. तिच्यामागे थोडा वेळ इना दिसेनाशी झाली.

लुसियाला हलकं वाटलं, आणि त्याची तिला शरमही वाटली नाही. योसेफ डोळे पुसत म्हणत होता, "बरं केलंस ताई. मी जाऊन पैसे पाठवत जाईन. मुलांना नेतोय. तिथं खोली एकच आहे, कंपनीची, चार बिऱ्हाडं मिळून राहतात, पण होईल पुढे काहीतरी." त्याच्या बोलण्यात इतक्या दिवसांनी घाई होती, उमेद होती. लुसिया हो हो म्हणत राहिली. तेवढ्यात इनानं हात पुढे केला आणि त्याच्याकडून फोन घेतला. तिला तो नीट धरता येत नसे, त्यामुळे तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, एक डोळा आणि गालाचं हाड. ती रडत नव्हती.

"लुसिया," ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वारा फिरला तेव्हाच. मी त्यांच्यासोबत एवढी वर्षं काढली, मला कळणार नाही?"

"मग इना, मला का नाही सांगितलंस?" लुसिया म्हणाली. "मी इथं रोज..."

"सांगून काय केलं असतंस? हेच केलं असतंस." इना रागावलेली नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती बोलत होती. "विझलेल्या चुलीच्या घरात बाईनं राहायचं नसतं. मुलाच्या छपराखाली जायचं असतं, तुला ठाऊक आहे. योसेफचं छप्पर तू ऐकलंसच आत्ता. चूल पेटती होती तोवर मी वाट बघणारी बायको होते. मला कुणी ऊठ म्हणत नव्हतं. तू आणखी थोडी वर्षं गप्प बसशील असं मला वाटलं होतं. तू दूर आहेस, तुला घाई नसेल असं वाटलं होतं."

मागे स्वयंपाकघरात सावित्रीबाई बरण्यांच्या तोंडांना फडक्याचे दादरे बांधत होत्या. गल्लीत स्कूटर थांबल्याचा आवाज आला, संग्राम आला असावा. लुसियाला ती खोली एकदम परकी वाटली, भिंती, पलंग, सगळं.

"आता विझवलीस ना," इना म्हणाली. "मग आता तूच सांग, मी कुठं जाऊ?"

इनानं फोन थोडा वर धरला, तिचा अख्खा चेहरा दिसू लागला, आणि ती उत्तराची वाट बघत बसली.